मामाला जांभया, भाचा ताजातवाना

असं समजा, सुरतेत लिंबायतला हळदीची रात्र आहे. नवरदेवाचं घर मूळचं धुळे जिल्ह्यातलं, निम्मे पाहुणे दुपारीच भुसावळ-सुरत लाइनच्या गाडीनं उतरलेत. गल्लीत डीजे दणाणतोय. मांडवामागे, टेम्पोच्या आडोशाला, सीमेपलीकडच्या नवापूरहून कुणीतरी कपड्यांत गुंडाळून आणलेल्या दोन क्वार्टर निघतात. एक ४५ वर्षांच्या मामाच्या वाट्याला येते, दुसरी १६ वर्षांच्या भाच्याच्या. मामा काही रोजचा पिणारा नव्हे, आणि भाच्याची तर ही दुसरी-तिसरीच वेळ. दहाच्या सुमारास दोघांच्या बाटल्या रिकाम्या. अकराला मामाची जीभ जड झाली, जांभयांवर जांभया, खुर्चीतच पेंगायला लागला. भाचा मात्र अजून डीजेपुढे नाचतोय. बोलणं बऱ्यापैकी स्पष्ट, डोळ्यांत झोपेचा पत्ता नाही. मित्र पाठीवर थाप मारतात, "याला चढतच नाही यार!"

आता सांगा, या घडीला कुणाच्या रक्तात दारू जास्त आहे?

भाच्याच्या. जवळजवळ दीडपट. आणि उद्या सकाळी यातलं बरंचसं ज्याला आठवणार नाही, तोही भाचाच असण्याची शक्यता जास्त. ज्याला सगळ्यात जास्त लागली, तोच सगळ्यात ताजा दिसतो! माझ्या मते दारूबद्दल १६ वर्षांच्या मुलाला एकच गोष्ट सांगायची असेल तर ती हीच सांगावी. पण हे घडतं कसं?

सुरुवात बाटलीपासून करू. क्वार्टर म्हणजे १८० मिली. आपल्याकडच्या व्हिस्की-रमच्या लेबलवर ४२.८ टक्के हा आकडा छापलेला असतो. म्हणजे त्या बाटलीत ७७ मिली निव्वळ अल्कोहोल, वजनानं सुमारे ६१ ग्रॅम. हा रेणू किती चिमुकला आहे बघा: दोन कार्बन, सहा हायड्रोजन, एक ऑक्सिजन, संपलं. भाकरीतला स्टार्च रक्तात जायचा तर आधी तासन्‌तास त्याचे तुकडे करावे लागतात. याला पचवावंच लागत नाही. थोडा जठरातून, बराचसा लहान आतड्यातून, तो आहे तसाच रक्तात शिरतो. पोट रिकामं असेल तर आणखी झपाट्यानं. पाण्यात तो सहज मिसळतो, चरबीत फारसा नाही. त्यामुळे शरीरात जिथं पाणी तिथं तो: स्नायूंत, मेंदूत, डोळ्यांतल्या अश्रूंत, अगदी कानाच्या आतल्या द्रवातसुद्धा.

मग हिशेब सोपा होतो. जितकं पाणी कमी तितकी दारू दाट. एरिक विडमार्क नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञानं गेल्या शतकाच्या पूर्वार्धात हे गणित मांडलं आणि जगभरच्या न्यायालयांत ते आजही वापरतात. प्यायलेलं अल्कोहोल घ्या, माणसाच्या वजनानं भागा, आणि पुरुषासाठी साधारण ०.६८, बाईसाठी ०.५५ या आकड्यानं पुन्हा भागा. बायकांच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असतं, म्हणून आकडा वेगळा. ७५ किलोच्या मामाच्या बाबतीत उत्तर येतं १०० मिली रक्तात सुमारे १२० मिलिग्रॅम. ५२ किलोच्या भाच्यात सुमारे १७०. त्याच वजनाच्या मुलीनं तीच बाटली संपवली तर २०० च्या पुढे. मोटार वाहन कायद्यानं गाडी चालवणाऱ्याला किती मुभा दिलीय? ३० मिलिग्रॅम!

आणि हा आकडा शोधायला रक्त काढावंच लागतं असं नाही. फुप्फुसातल्या हवेच्या फुग्यांभोवती रक्ताच्या इतक्या बारीक नळ्या असतात की रक्तातलं अल्कोहोल तिथून सतत वाफेच्या रूपानं हवेत झिरपत राहतं. ३१ डिसेंबरला दमणहून परतणाऱ्यांच्या तोंडापुढे पोलीस जे यंत्र धरतात, त्यातल्या एका चकतीवर श्वासातलं अल्कोहोल जळून त्याचं आम्ल होतं आणि जळताना वीज तयार होते. वीज जेवढी जास्त तेवढी दारू जास्त. माणसाच्या उच्छ्वासानं वीज पैदा होते, ही गोष्ट मला दर वेळी नव्यानं थक्क करते.

आता ही दारू उतरते कशी? उधना स्टेशनावर तिकिटाची एकच खिडकी उघडी आहे असं समजा. रांगेत दहा माणसं असोत की हजार, खिडकीतून मिनिटाला तेवढीच तिकिटं निघणार. यकृताचं तंतोतंत असंच आहे. तिथली विकरं तासाला ठरावीकच अल्कोहोल मोडतात. रक्तातलं प्रमाण तासाला ढोबळमानानं १५ मिलिग्रॅमनं उतरतं. लिंबूपाणी प्या, काळी कॉफी प्या, बादलीभर थंड पाणी डोक्यावर ओता, ढकलाढकली केल्यानं खिडकी वेगानं चालत नाही. भाच्याचा हिशेब करा. रात्री दहाला १७०. सकाळी सातच्या शाळेत बाकावर बसताना नऊ तास झालेले, म्हणजे १३५ उतरले, ३५ शिल्लक. रात्रभर झोपून, आंघोळ करून, दप्तर घेऊन वर्गात आलेला हा मुलगा कायद्याच्या हिशेबानं अजून प्यायलेलाच आहे.

ही खिडकी आपल्याला मिळाली तरी कुठून? बाटलीचा शोध लागायच्या कितीतरी आधी. पिकून गळून पडलेल्या फळांवर यीस्ट वाढतं, साखर खातं आणि अल्कोहोल टाकून देतं. आपले पूर्वज झाडांवरून उतरून जमिनीवरची फळं वेचायला लागले असावेत त्या काळात, सुमारे एक कोटी वर्षांपूर्वी, माणूस, चिंपांझी आणि गोरिला यांच्या सामायिक पूर्वजात एक छोटासा बदल झाला. पचनमार्गातलं एक विकर इथेनॉल मोडण्यात एकदम ४० पट तरबेज झालं. हे २०१४ मध्ये प्राचीन विकरं प्रयोगशाळेत पुन्हा तयार करून दाखवलं गेलं. पण लक्षात घ्या, ती तयारी होती आंबलेल्या फळासाठी. यीस्ट स्वतःच आपल्या दारूत १४-१५ टक्क्यांच्या आसपास मरतं, त्यापुढे निसर्गात दारू तीव्र होतच नाही. ४२.८ टक्के हे ऊर्ध्वपातनाचं, भट्टीचं काम. एक कोटी वर्षांत यकृताला अशा पाहुण्याची गाठ पडली नव्हती.

हे झालं रक्ताचं. पण रक्तात दीडपट असून भाचा ताजा कसा, हे कोडं अजून तसंच आहे. त्यासाठी मेंदूत शिरावं लागेल.

मेंदूतल्या पेशी एकमेकींशी रसायनांतून बोलतात. त्यातली दोन आपल्या कामाची. गाबा हे रसायन पेशीला गप्प करतं. ग्लुटामेट तिला चेतवतं. अल्कोहोल दोन्हीकडे हात घालतो. गाबाचा आवाज वाढवतो, ग्लुटामेटचा दाबतो. परिणाम एकच, मेंदू मंदावतो. आधी जातो तो संकोच आणि सावधपणा, म्हणून सुरुवातीला माणूस खुलल्यासारखा वाटतो. मग जीभ, मग तोल, मग झोप.

मोठ्या माणसाला आलेली ही झोप म्हणजे निसर्गाची केवढी मोठी सोय! जांभई आली की हात आपोआप ग्लासपासून दूर जातो. पेंगलेला माणूस गाडीची किल्ली शोधत नाही. आणि नेमकी हीच घंटा किशोरवयात उशिरा वाजते. अमेरिकेत बिंगहॅम्टन विद्यापीठात लिंडा स्पिअर यांनी वर्षानुवर्षं वयात येणाऱ्या उंदरांवर प्रयोग केले. (मुलांना दारू पाजून प्रयोग करता येत नाहीत, करूही नयेत.) त्यांना दिसलं की तेवढ्याच मात्रेत प्रौढ उंदीर आडवे होतात, तोल घालवतात, आणि कोवळे उंदीर बराच वेळ उभे राहतात, उलट एकमेकांच्या जवळ जाऊन जास्तच हुंदडतात. ड्यूक विद्यापीठात स्कॉट स्वार्ट्झवेल्डर यांच्या प्रयोगशाळेनं याच नाण्याची दुसरी बाजू पाहिली. आठवण तयार करणाऱ्या कामात मात्र तेवढ्याच दारूनं कोवळ्या उंदरांचं नुकसान प्रौढांपेक्षा जास्त झालं!

एकाच मेंदूत झोपेची घंटा मुकी आणि आठवणीची पाटी हळवी. असं का असावं?

कारण त्या वयात मेंदूचं बांधकाम चालू असतं. तेरा-चौदाव्या वर्षी मुलाचं डोकं आकारानं जवळजवळ पूर्ण वाढलेलं असतं, म्हणून शतकानुशतकं सगळ्यांची समजूत होती की आतलं कामही आटोपलं. १९९० च्या दशकात अमेरिकेत जे गीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच त्या मुलांच्या मेंदूंची एमआरआय चित्रं दर दोन-एक वर्षांनी घ्यायला सुरुवात केली, आणि चित्रं एकापुढे एक लावली तेव्हा समजूत कोसळली. मेंदू बदलत होता, तोही मागून पुढे या दिशेनं. आधी दृष्टी आणि स्पर्शाचे भाग पक्के होतात, सगळ्यात शेवटी कपाळामागचा भाग, जो "थांब, आधी विचार कर" असं म्हणतो. तो पुरा व्हायला विशीचा मध्य उजाडतो. मधल्या काळात मेंदू न वापरलेले जोड छाटून टाकतो आणि वापरातल्या तारांवर चरबीचं आवरण चढवतो, त्यामुळे निरोप कितीतरी पटींनी वेगानं धावतात.

या वयातला मेंदू शिकण्यात इतका पटाईत का, हे आता लक्षात येईल. सुरतेच्या महापालिकेच्या मराठी शाळेतला मुलगा घरात अहिराणी बोलतो, वर्गात मराठी, बाजारात गुजराती, मोबाइलवर हिंदी, आणि कुठंही अडखळत नाही. हे ज्यामुळे साधतं ते ग्लुटामेटचा निरोप घेणारे ग्राही किशोरवयात विशेष जोमात असतात. दोन पेशी एकाच वेळी चेतल्या की त्यांच्यातला जोड घट्ट करायचं काम त्यांचं. दारू दाबते ती नेमकी यांनाच. शिकण्याचं जे यंत्र या वयात सगळ्यात जोरात चालतं, त्याच यंत्रावर तिचा हात सगळ्यात जड पडतो.

कानांच्या वरच्या बाजूला, मेंदूत खोल, हिप्पोकॅम्पस नावाचा वळणदार भाग आहे. आत्ता जे घडतंय ते नंतर आठवण्याजोगं करून ठेवणं हे त्याचं काम. रक्तातलं अल्कोहोल १५०-१६० च्या पुढे, विशेषतः झटपट गेलं, की तो काम थांबवू शकतो. बाकी मेंदू चालूच! मुलगा बोलतो, गाणं बदलायला सांगतो, मित्राच्या मोटरसायकलवर मागे बसून उधन्यापर्यंत जाऊन येतो. डोळे उघडे, उत्तरं बरोबर. पण काहीही नोंदलं जात नाही. याला बेशुद्धी म्हणत नाहीत, बेशुद्ध माणूस निदान एका जागी पडून राहतो. दुसऱ्या दिवशी लोक म्हणतात, "विसरला असेल." विसरण्यासाठी आधी आठवण असावी लागते. इथं ती तयारच झाली नाही, त्यामुळे कितीही डोकं खाजवलं तरी परत येणार नाही. आणि त्या कोऱ्या तासात कुणी त्याच्याशी काय केलं, त्यानं कुणाशी काय केलं, हे त्याला दुसऱ्यांकडून ऐकावं लागतं. मुलींच्या बाबतीत या वाक्याचा अर्थ किती भयंकर होऊ शकतो, ते वेगळं सांगायला नको.

शिकणारं यंत्र दारूसुद्धा शिकतं. १९९० च्या दशकात ब्रिजेट ग्रँट आणि डेबोरा डॉसन यांनी अमेरिकेतल्या हजारो प्रौढांच्या मुलाखतींचा अभ्यास केला. पंधरा वर्षांच्या आत पहिला प्याला घेतलेल्यांपैकी ४० टक्क्यांच्या आसपास लोक आयुष्यात कधीतरी दारूच्या आहारी गेले होते. २० किंवा त्यानंतर सुरू केलेल्यांत हे प्रमाण सुमारे १० टक्के. सगळा दोष वयाचा म्हणता येणार नाही. घरातलं वातावरण, आईबापाकडून आलेली जनुकं, यांचाही वाटा आहेच. तरी सुरुवात जेवढी लांबणीवर, तेवढा धोका वर्षागणिक उतरत जातो, हा त्यातला निष्कर्ष आईबापांना मोठा आधार वाटावा असा आहे. मुलगा जन्मभर शिवणार नाही अशी शपथ मिळाली नाही तरी चालेल, दोन वर्षं पुढे ढकललं गेलं तरी पदरात बरंच पडतं.

आता रात्रीचा एक वाजलाय. डीजे बंद झालाय आणि भाचा गच्चीवर गादीवर आडवा होतो. आडवा होताच आभाळ गरगरायला लागतं. हे का होतं, हे कळलं तेव्हा मी तोंडात बोट घातलं होतं. कानाच्या आत तीन अर्धगोल नळ्या आहेत, द्रवानं भरलेल्या. प्रत्येकीत एक मऊ पडदा त्या द्रवात उभा असतो. मान वळली की द्रव मागे राहतो, पडदा झुकतो आणि मेंदूला कळतं, आपण वळलो. पडदा आणि द्रव यांची घनता अगदी सारखी असते, म्हणून नुसतं आडवं झाल्यानं पडदा हलत नाही. दारू प्यायल्यावर रक्तातलं अल्कोहोल आधी पडद्यात शिरतं, कारण रक्तवाहिन्या त्याच्याजवळ आहेत. अल्कोहोल पाण्याहून हलकं, म्हणून पडदा हलका होऊन द्रवात वर तरंगू पाहतो. मान स्थिर, पडदा झुकलेला! मेंदू बिचारा समजतो, आपण फिरतोय. आणि कित्येक तासांनी, पडद्यातून अल्कोहोल आधी निघून गेलं आणि द्रवात अजून राहिलं, की तेच आभाळ उलट्या दिशेनं फिरतं.

गरगरण्यापाठोपाठ उलटी येते. इथून पुढचं मात्र आश्चर्य पोटात गोळा आणणारं आहे. घशात काही अडकलं की आपण ठसकतो, खोकतो, ही क्रिया मेंदूच्या देठातून चालते. श्वासही तिथूनच. दारू खूप चढली की हा देठ मंदावतो. उताणा झोपलेला मुलगा ओकला आणि ठसका आलाच नाही, तर ते सगळं फुप्फुसात जातं. शिवाय पोटात शेवटी रिचवलेली दारू झोपेतही रक्तात शिरतच असते. म्हणजे "झोपू दे, उतरेल" म्हणत दार ओढून घेतलं, त्यानंतरचा तासभर त्याला चढतच असते.

मुलांच्या बाबतीत आणखी एक छुपा सापळा असतो, साखरेचा. दोन जेवणांच्या मधल्या वेळात रक्तातली साखर टिकवायची जबाबदारी यकृताची. आधी ते साठवलेली साखर सोडतं, साठा संपला की दुसऱ्या पदार्थांतून नवी बनवतं. मुलांचा साठा लहान असतो आणि दारू मोडताना यकृताचं नवी साखर बनवण्याचं काम अडून बसतं. संध्याकाळपासून नाचणारा, न जेवलेला मुलगा मध्यरात्रीनंतर घामाघूम, थंडगार, बडबडणारा किंवा झटके येणारा झाला, तर लोक म्हणतात प्यायलाय. त्याची साखर तळाला गेलेली असू शकते, आणि मेंदूला तर इंधन मुख्यतः साखरेचंच लागतं.

इथवर सगळा हिशेब लेबलवरच्या आकड्यावर चालला. पण सुरतेत, गुजरातेत, बाटलीला लेबल असेलच याची काय खात्री?

मुंबई राज्यानं १९४९ मध्ये दारूबंदीचा कायदा केला, तेव्हा सुरत त्याच राज्यात होती. १ मे १९६० ला राज्याचे दोन तुकडे झाले आणि तोच कायदा दोघांच्याही वाट्याला आला. गुजरातनं तो कडक ठेवला, महाराष्ट्रानं परवान्यांची वाट मोकळी केली. या भागात दारू सोडण्याचा इतिहास तर कायद्याहूनही जुना. १९२२ मध्ये पालघरच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांकडून निघालेली एक देवी डोंगर ओलांडत सुरत जिल्ह्यातल्या आदिवासी पाड्यांत पोचली. अंगात आलेली माणसं तिच्या वतीनं सांगत, दारू-ताडी सोडा, रोज आंघोळ करा. आणि हजारो लोकांनी ती खरंच सोडली! इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी यावर अख्खा ग्रंथ लिहिलाय. नवापूर स्टेशनावर आज एक बाक आहे, अर्धा महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. एका टोकाला दारूबंदी, दुसऱ्या टोकाला सौम्य बिअरला २१ आणि कडक दारूला २५ वर्षांची अट. १६ वर्षांचा मुलगा त्या बाकावर कुठंही बसला तरी त्याच्यासाठी ती बंदच.

पण तहान बंद होत नाही आणि चोरटा माल लेबल घेऊन येत नाही. प्लास्टिकच्या पोटलीतली दारू २० टक्के की ५०, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. आणि कधीकधी त्यात दुसराच रेणू असतो.

इथेनॉलमधला एक कार्बन आणि दोन हायड्रोजन काढा. उरतं ते मिथेनॉल. दिसायला तसंच पाण्यासारखं, वास जवळपास तसाच, कारखान्यांत सर्रास वापरलं जाणारं आणि स्वस्त. गुजरातीत ज्याला लठ्ठाकांड म्हणतात, त्यातल्या बहुतेकांमागे हेच असतं. २००९ मध्ये अहमदाबादेत शंभरावर माणसं गेली, २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला शंभराच्या आसपास, २०२२ मध्ये बोटाद भागात चाळीसहून जास्त. सुरत जिल्ह्यातच, कडोदऱ्याजवळच्या वरेलीत, सप्टेंबर २०१६ मध्ये विषारी दारूनं पंधराहून अधिक जीव घेतले.

गंमत अशी, मिथेनॉल स्वतः फारसं विषारी नाही. विष आपलं यकृत बनवतं! तीच खिडकी, तीच विकरं. इथेनॉलचं त्यांनी शेवटी निरुपद्रवी ॲसिटेट केलं असतं. मिथेनॉलचं करतात फॉर्माल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल. हे आम्ल पेशीतला ऑक्सिजन वापरण्याचा शेवटचा टप्पाच बंद पाडतं. श्वास चालू, रक्तात ऑक्सिजन भरपूर, आणि पेशी गुदमरतात. डोळ्याच्या नसेला ऑक्सिजनची भूक फार, म्हणून पहिला घाला तिथं. रुग्ण सांगतात, सगळं धुक्यासारखं पांढरं दिसतंय. आणि हे लगेच होत नाही, बारा तासांनी, कधी चोवीस तासांनी होतं. सोबत साधी दारू मिसळलेली असेल तर आणखी उशिरा.

उशिरा का? या उत्तरातच उपाय दडलाय, आणि तो वैद्यकशास्त्रातल्या सगळ्यात विलक्षण उपायांपैकी एक आहे. यकृतातल्या विकराला मिथेनॉलपेक्षा इथेनॉल कितीतरी जास्त प्रिय. दोन्ही समोर आले की ते आधी इथेनॉल घेतं, मिथेनॉल ताटकळतं, आणि तसंच न मोडता मूत्रपिंडांतून किंवा डायलिसिसनं बाहेर काढता येतं. म्हणून मिथेनॉलच्या विषबाधेवर डॉक्टर मोजूनमापून इथेनॉलच देतात! आता फोमेपिझोल नावाचं औषधही आहे, ते त्याच विकराची वाट अडवतं. हा उपचार रक्ताच्या तपासण्या करत रुग्णालयातच होतो. घरी कुणी "उतारा" म्हणून आणखी एक पोटली पाजली, तर नेमकं काय पाजलं हे कुणालाच ठाऊक नसतं.

दारूबंदीच्या राज्यात या सगळ्यावर एक भीती बसलेली असते. मित्र पडलेल्या मुलाला गच्चीवर लपवतात, पोलिसांच्या भीतीनं, बापाच्या भीतीनं. त्या मित्रांना आणि मामालाही एक ठाऊक असायला हवं: बाल न्याय कायद्याचं ७७ वं कलम मुलाला दारू देणाऱ्याला पकडतं, सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. मुलगा त्यात गुन्हेगार नसतो, ज्याच्यावर अन्याय झाला तो असतो. हाक मारून, चिमटा घेऊन जाग येत नसेल, श्वास अडखळत किंवा फार सावकाश चालला असेल, अंग थंडगार पडलं असेल, झटके येत असतील, तर त्याला कुशीवर वळवा, एकटं सोडू नका आणि १०८ लावा. दुसऱ्या दिवशी डोळ्यांपुढे पांढरं दिसू लागलं, पोटात कळा आल्या, धाप लागली, तरी तेच, मग रात्री प्यायलेली दारू केव्हाच उतरलेली का असेना.

रुग्णालयात पहिल्या पाच मिनिटांत विचारतील: काय प्यायला, किती, किती वाजता? खरं सांगा. बोटाला टोचून साखर मिनिटभरात कळते, पण वेळ यंत्राला कळत नाही. ती कळली तर विडमार्कच्या गणितानं दारू अजून चढतेय की उतरायला लागलीय याचा अंदाज बांधता येतो. आणि बाटली किंवा पोटली सोबत न्या, रिकामी असली तरी. तळाशी उरलेले चार थेंब प्रयोगशाळेत बारीक, लांबच लांब नळीतून वायूच्या रूपात सोडतात. मिथेनॉल हलकं, ते सहसा नळीच्या दुसऱ्या टोकाला आधी पोचतं. इथेनॉल थोड्या वेळानं मागून येतं. दोघांमधलं अंतर काही सेकंदांचं असतं, आणि त्यावरून ठरवायला मदत होते की या मुलाला सलाइन पुरेल की डायलिसिस लावावं लागेल.